खिडकी उघडी आहे का?

नाट्यगृहाची वेबसाइट कशी आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर आधी कॉम्प्युटरसमोर बसू नये. तिकीट खिडकीपाशी बसावं. संध्याकाळी तिथला फोन सारखा वाजत असतो आणि पलीकडून येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. आजचा प्रयोग नक्की आहे ना? नाटक सुटतं किती वाजता? बाल्कनीला लिफ्ट आहे का? रविवारचा प्लॅन कधी उघडणार? गाडी कुठे लावायची? पाच वर्षांच्या मुलाचं तिकीट लागतं का? खिडकीवर एक साधी शंभरपानी वही ठेवावी आणि पंधरा दिवस आलेला प्रत्येक प्रश्न तीत टिपायला सांगावा. ज्याचं उत्तर वेबसाइटवर सापडलं नाही, किंवा सापडूनही ज्यावर विश्वास बसला नाही, तोच प्रश्न फोनवर येतो. तेव्हा बिनखर्चाची पहिली तपासणी हीच. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेले दहा प्रश्न हा सुधारणेचा पहिला मसुदा समजावा.

प्रत्यक्षात तपासणी होते ती नेमकी उलट्या टोकाने. समितीच्या बैठकीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मुख्य पान उघडलं जातं. ड्रोनने टिपलेली इमारतीची फिल्म फिरते, मग कोनशिला येते, मग पदाधिकाऱ्यांचे फोटो सरकतात. मरून रंग जरा गडद हवा का यावर चर्चा होते, चहा येतो आणि वेबसाइट मंजूर होते. त्या खोलीतल्या बहुतेकांनी तिथून कधी तिकीट काढलेलं नसतं. त्यांना पास मिळतात.

तिकीट काढणारा माणूस वेगळ्याच अवस्थेत असतो. ऑफिस सुटलेलं, लोकलमध्ये उभा, एका हातात दांडी, दुसऱ्या हातात फोन आणि घरून मेसेज: जायचं का आज? त्याला इमारतीचा इतिहास नको असतो. आज काय आहे, किती वाजता, केवढ्याला आणि जागा आहे का, एवढंच अर्ध्या मिनिटात कळायला हवं असतं. नाही कळलं तर तो नाटकाचा बेत रद्द करून ओटीटीवर काहीतरी लावतो.

आपल्याकडे हे अर्ध्या मिनिटात कळत नाही, याचं कारण तंत्रज्ञान क्वचितच असतं. खरी गोम माहितीच्या मालकीत आहे. नरिमन पॉइंटचं एनसीपीए किंवा जुहूचं पृथ्वी थिएटर आपला कार्यक्रम बऱ्याच अंशी स्वतः आखतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका हाच त्यांच्या वेबसाइटचा कणा असतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनाची गोष्ट निराळी. ही महापालिकांची नाट्यगृहं, तिथे संस्थांना आणि निर्मात्यांना तारखा वाटून दिल्या जातात. म्हणजे इमारत महापालिकेची, नाटक निर्मात्याचं आणि तिकीट बुकमायशोसारख्या ॲपवर. माहिती अशी तीन घरांत वाटली गेलेली. इमारतीचं नाव धारण करणाऱ्या वेबसाइटला आज रात्री आपल्या रंगमंचावर काय आहे हेच ठाऊक नसतं आणि प्रेक्षक पुन्हा पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींकडे वळतो.

प्रेक्षकाला या वाटण्यांशी देणंघेणं नाही. त्याच्या लेखी नाटक ‘बालगंधर्वला’ असतं, निर्मात्याकडे नसतं. तेव्हा नाट्यगृहाने वेबसाइट सुधारण्याची सुरुवात तारीखवाटपाच्या नियमांपासून करावी. तारीख पक्की करताना अनामत घेतात, तसाच एक छोटा ऑनलाइन तक्ता भरून घ्यावा: नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, मध्यंतरासह कालावधी, कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी, तिकिटांचे दर, बुकिंग कधी सुरू होणार आणि त्याची लिंक. प्रयोगाआधी ठरावीक दिवसांपर्यंत तक्ता आला नाही, तर वेबसाइटवर त्या तारखेपुढे ‘तपशील निर्मात्याकडून आलेला नाही’ असं स्वच्छ लिहावं. दोन महिन्यांत तक्ते वेळेवर येऊ लागतील, कारण आपल्या प्रयोगापुढे असा शेरा कुठल्याच निर्मात्याला परवडत नाही. खासगी कार्यक्रम असेल तर तसंही लिहावं. रिकामा चौकोन पाहून लोक फोन करतात.

एक काल्पनिक पान जवळून पाहू. बऱ्याच ठिकाणी मजकूर साधारण असा असतो: ‘दि. १४ रोजी रात्रौ ठीक ९.३० वाजता मराठी नाटक. प्रवेशिका उपलब्ध. अधिक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा.’ या तीन वाक्यांत महिना नाही, वार नाही, नाटकाचं नाव नाही, दर नाही. ‘ठीक’ हा शब्द मात्र आहे.

तेच नाटकाच्या नावाखाली असं लिहिता येतं: ‘शनिवार, १४ मार्च २०२६, रात्री ९.३०. दोन अंक, १५ मिनिटांच्या मध्यंतरासह २ तास २० मिनिटं. नाटक साधारण ११.५० ला सुटेल. तिकिटं ५००, ४०० आणि बाल्कनी ३०० रुपये. खिडकीवर जादा आकार नाही. खिडकी सकाळी ९ ते ११.३० आणि संध्याकाळी ५ ते ८. तिसऱ्या घंटेनंतर आलेल्यांना पहिला प्रवेश संपल्यावर मागच्या दाराने आत सोडलं जाईल. बाल्कनीला लिफ्ट नाही, ३४ पायऱ्या आहेत.’ मजकूर फोनच्या एका पडद्यात मावतो, पण वहीतले निम्मे प्रश्न इथेच संपतात. यात लिफ्ट नसल्याचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. आहे ते सगळेच छापतात. काय नाही हे सांगणाऱ्या नाट्यगृहावर लोक विश्वास ठेवतात.

उशिरा येणाऱ्यांचा नियमही असाच रोखठोक हवा. पृथ्वीमध्ये नाटक सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, ही गोष्ट मुंबईच्या नाटकवेड्यांना तोंडपाठ आहे, कारण तो नियम वर्षानुवर्षं तसाच सांगितला आणि पाळला गेला आहे. मोबाइल वाजल्यामुळे प्रयोग थांबवणाऱ्या नटांच्या बातम्या आपण वाचतो. मोबाइल बंद ठेवण्याची सूचना पडदा उघडण्याआधीच्या निवेदनात असतेच. तिकिटाच्या पोचपावतीतही एक ओळ घातली तर बिघडत नाही.

आता भाषेकडे. मराठी नाट्यगृहाची वेबसाइट मराठीत हवी हे सांगावं लागतं, हीच खरी कमाल. कित्येक ठिकाणी मेनू इंग्रजीत, नियम मराठीत आणि नियमांची फाइल म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा तिरका स्कॅन. असा स्कॅन म्हणजे नुसतं चित्र असतं. त्यातला एकही शब्द शोधता येत नाही, फोनवर तो वाचता येत नाही आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तर तो कोरा कागदच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराची गतही तीच. छापखान्यात तो उत्तम दिसतो, पण युनिकोड नसल्यामुळे वेबवर कॉपी केला की अक्षरांचा चुराडा होतो. म्हणून भाडेदर, अनामत, रद्द करण्याचे नियम हे सगळं युनिकोड देवनागरीत, पानावर थेट मजकूर म्हणून असावं. सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडायला हरकत नाही.

पोस्टरबाबतही हेच. नाटकाचं पोस्टर सुंदर असतं, पण गूगलला आणि स्क्रीन रीडरला त्यावरची अक्षरं मजकूर म्हणून मिळत नाहीत. पोस्टरवर तारीख छापली म्हणजे काम झालं असं समजू नये. तीच तारीख खाली अक्षरांतही लिहावी आणि चित्राला पर्यायी मजकूर द्यावा. ‘पोस्टर_अंतिम_नवीन_२’ हे फाइलचं नाव म्हणजे पर्यायी मजकूर नव्हे.

वेबसाइट बनवणाऱ्याला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी: प्रत्येक प्रयोगाच्या पानावर ‘स्कीमा’ पद्धतीची खूण घाला. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून ही पद्धत सुरू केली. कार्यक्रमाचं नाव, तारीख, स्थळ आणि तिकिटाचा दर यंत्राला कळेल अशा ठरलेल्या रचनेत पानामागे लिहिला की शोधयंत्राला तो ‘कार्यक्रम’ म्हणून ओळखता येतो. काम एकदाच करायचं. तक्ता भरला की पुढच्या प्रत्येक प्रयोगाची खूण आपोआप तयार होते. निविदेत याचा उल्लेख नसेल तर कंत्राटदार स्वतःहून करत नाही.

नावांचा गोंधळही निस्तरायला हवा. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या आवारात रवींद्र नाट्य मंदिर आहे आणि तिथेच मिनी थिएटरही आहे. लोक तिन्ही नावांनी शोधतात. एनसीपीएमध्ये तर टाटा थिएटर, एक्सपेरिमेंटल, लिटल थिएटर, गोदरेज डान्स थिएटर आणि जमशेद भाभा थिएटर अशी पाच सभागृहं आहेत. अशा संकुलात ‘स्थळ’ या रकान्यात संकुलाचं नाव लिहून भागत नाही. सभागृह कोणतं आणि आत शिरायचं कुठल्या दाराने, हे तिकिटावरही हवं. गूगल मॅप्सवरची नोंद संस्थेच्या ताब्यात आहे का, हेही याच बैठकीत बघून घ्यावं. ती बरेचदा कुणा उत्साही पाहुण्याने केलेली असते, फोन नंबर जुना असतो आणि फोटो मध्यंतरातल्या बटाटावड्याचा असतो. बटाटावड्याबद्दल तक्रार नाही. कॅन्टीन प्रयोगाच्या किती आधी उघडतं हे लिहिलं, तर ऑफिसातून थेट येणारे दुवाच देतील.

कसे याल, हे पान सगळ्यात लवकर शिळं होतं. २०२३ मध्ये पुण्यात वनाझकडून येणाऱ्या मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक बालगंधर्वपासून चालत जाण्याच्या अंतरावर आलं. २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो वरळीपर्यंत पोचली आणि प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराजवळ सिद्धिविनायक स्थानक झालं. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांची वाट बदलली. फक्त बसचे जुने क्रमांक देणारं पान असेल, तर ते त्या दिवसापासून चुकीचंच झालं. या पानावर नकाशासोबत दोन गोष्टी हव्यात: रात्री नाटक सुटल्यावर परत जायला काय मिळतं, आणि गाड्या लावायची जागा भरली तर जवळचा दुसरा पर्याय कोणता. प्रेक्षक घरातून निघताना येण्याच्या वाटेपेक्षा परतीच्या वाटेचा विचार जास्त करतो, विशेषतः बरोबर वयस्कर आईवडील असतील तेव्हा.

वेगाच्या बाबतीत मोजमाप आहे, त्यामुळे वाद घालायची गरज नाही. गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या फुकट साधनात पत्ता टाकला की फोनवर पान किती वेळात उघडतं ते कळतं. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, बटण दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत आला पाहिजे आणि पान भरताना मजकूर खालीवर उड्या मारता कामा नये, असे त्यांचे निकष आहेत. नाट्यगृहांच्या वेबसाइट नापास होतात त्या बहुधा फोटोंमुळे. कॅमेऱ्यातून निघालेला पाच-सात एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो, आणि असे आठ फोटो मुख्य पानावर सरकत असतात. फोटो लहान करून वेबपी प्रकारात चढवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. सरकती पट्टी काढूनच टाकावी. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत थांबायला कुणाला वेळ आहे?

सरकारी वळणाच्या वेबसाइटवर डोक्यावरून धावणारी सूचनांची ओळ आणि लुकलुकणारं ‘नवीन’ हे दोन पाहुणे हमखास असतात. वेबवरच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारा मजकूर थांबवण्याची सोय वाचणाऱ्याला हवी. सूचना महत्त्वाची असेल तर ती स्थिर लिहावी. महत्त्वाची नसेल तर मुळात धावायचं कशाला?

याच निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या रंगभेदाचं किमान प्रमाण ४.५ ला १ असं दिलेलं आहे. इथे नाट्यगृहं हमखास मार खातात, कारण सगळ्यांनाच मखमली पडद्याचा मोह असतो: काळ्यावर मरून, मरूनवर सोनेरी. मोठ्या पडद्यावर ते राजेशाही दिसतं. उन्हात धरलेल्या फोनवर साठीतल्या माणसाला काहीच दिसत नाही. आणि नाटकाला जाणाऱ्यांत साठीतली माणसं किती असतात, हे मध्यंतरात एकदा नजर फिरवली तरी कळतं. रंगभेद मोजायची साधनं फुकट आहेत, क्रोम ब्राउझरमधलं ‘लाइटहाउस’ ही त्रुटी आपणहून दाखवतं.

सुगम्यता ही रंगांपुरती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुगम्यतेचे किमान नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. कायदा बाजूला ठेवला तरी चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या प्रेक्षकाला घरून निघण्याआधी चार गोष्टी कळायलाच हव्यात: उतार कुठल्या दाराला आहे, आत खुर्ची कुठे थांबवता येते, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, आणि मदतीसाठी कुणाला फोन करायचा. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये ऐकू कमी येणाऱ्यांसाठी संवादांची अक्षरं डोळ्यांसमोर उमटवणारे चष्मे आणले. तेवढा खर्च आपल्या नाट्यगृहांना झेपणार नाही, हे मान्य. पण असलेल्या सोयींचं एक सरळ पान लिहायला पैसे लागत नाहीत. फक्त कुणीतरी मोजपट्टी घेऊन दाराची रुंदी मोजायला हवी.

तिकिटाचं बटण दाबल्यावर काय होतं ते स्वतः शेवटपर्यंत करून बघावं, अगदी पैसे भरून. नाट्यगृहाच्या वेबसाइटवरून दुसऱ्या ॲपवर उडी मारताना प्रेक्षक नेमका त्याच प्रयोगाच्या पानावर पोचतो का, की ॲपच्या मुख्य पानावर आदळून पुन्हा शहर आणि नाटक शोधत बसतो? दुसरी गत फार ठिकाणी दिसते. पुढचा मुद्दा किमतीचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवणं, खोटी घाई दाखवणं आणि न विचारता देणगीसारखी रक्कम बिलात घालणं या तिन्ही त्या यादीत आहेत. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे, पण ऑनलाइन सेवाशुल्कावर कर लागतो. त्यामुळे प्रेक्षकाला ५०० च्या तिकिटाचे प्रत्यक्षात किती पडतील, हे पहिल्याच पानावर सांगणं हा साधा प्रामाणिकपणा झाला. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असताना ‘थोड्याच जागा शिल्लक’ लिहू नये. खिडकीवर बसलेल्या माणसाने तसं सांगितलं असतं तर त्याची तक्रार झाली असती.

आसनांच्या नकाशात बाल्कनी कुठे सुरू होते, खांब कुठे आहे, कुठल्या रांगेतून नट नीट दिसत नाहीत, हे जुन्या जाणत्यांना पाठ असतं. ते ज्ञान नकाशावर आणावं. प्रत्येक विभागातून रंगमंचाचा एक फोटो काढायला एक सकाळ पुरते.

आतापर्यंत प्रेक्षकाची बाजू झाली. नाट्यगृहाचा दुसरा ग्राहक म्हणजे नाटक घेऊन येणारा, आणि त्याच्याकडे वेबसाइट बहुधा ढुंकूनही पाहत नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दुसऱ्या गावाहून निघालेल्या हौशी संघाचा रंगमंच व्यवस्थापक काय शोधत असतो? रंगमंचाच्या मुखाची रुंदी आणि उंची, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, विंगांमधली जागा, लाइटच्या बार किती आणि कुठे, एकूण किती किलोवॉटचा भार चालतो, ध्वनियंत्रणेत काय मिळतं आणि काय भाड्याने आणावं लागतं, मेकअप रूम किती, सेट उतरवायचं दार किती उंच, टेम्पो दारापर्यंत येतो का, सेट लावायला आदल्या प्रयोगानंतर किती वेळ मिळतो. पुण्यात दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशी तीन सत्रं लागलेली असतात, तिथे हा शेवटचा प्रश्न जिवाचा असतो. आज ही माहिती फोनवर, ओळखीने, ‘या तुम्ही, बघू’ अशा भाषेत मिळते. सेट आठ फुटांऐवजी दहा फुटांचा निघतो आणि दुपारी दीड वाजता सुतार करवत घेऊन बसतो.

दोन पानी तांत्रिक माहितीपत्रक आणि मोजमापांसह रंगमंचाचा नकाशा चढवला की हा सगळा ताप संपतो. त्यावर ‘शेवटची दुरुस्ती’ म्हणून तारीख असावी, कारण लाइट बदलतात, बार काढल्या जातात. वेबसाइटच्या सगळ्या कामांत कष्टाच्या मानाने सगळ्यात जास्त मोबदला देणारं काम हेच. नाट्यगृहाचं उत्पन्न शेवटी तारखांच्या भाड्यातून येतं, आणि ते भाडं देणारा माणूस याच पानावर ठरवतो की इथे यायचं की शेजारच्या गावात जायचं. रिकाम्या तारखांचं कॅलेंडर उघड ठेवलं तर आणखी चांगलं. तारखांच्या वाटपावर कुजबुज करायलाही मग कारण उरत नाही. म्हणूनच कदाचित ते उघड ठेवलं जात नसावं.

इतिहासाचं पान शेवटी यावं, पण ते यावं. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल १८९१ मध्ये सुरू झालं आणि तिथे झालेल्या कार्यक्रमांची नोंद आज कुणालाही ऑनलाइन शोधता येते: कुठल्या तारखेला, कुणी, काय सादर केलं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलनेही १८७१ पासूनच्या कार्यक्रमांची सूची अशीच खुली केली आहे. आपल्याकडे १९६८ पासून बालगंधर्वच्या मंचावर काय काय झालं याची यादी कुणाला करायची असेल, तर तारखांची रजिस्टरं, जुने पेपर आणि निर्मात्यांच्या वह्या चाळाव्या लागतील. रजिस्टरं कायम टिकत नाहीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह आगीत जळालं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून ते उभं राहिलं होतं. इमारत पुन्हा बांधता येते. जळालेला कागद पुन्हा मिळत नाही. ज्या नाट्यगृहाकडे जुनी रजिस्टरं असतील त्याने ती आधी स्कॅन करावीत आणि दर महिन्याला एका वर्षाच्या नोंदी वेबसाइटवर चढवाव्यात. ‘आमच्या रंगमंचावर अनेक दिग्गजांनी कला सादर केली’ या वाक्यापेक्षा एका प्रयोगाची नेमकी तारीख जास्त बोलते.

नाट्यगृह बंद असेल तेव्हा वेबसाइटची खरी परीक्षा होते. करोनाच्या काळात महाराष्ट्रातली नाट्यगृहं दीर्घकाळ बंद राहिली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या आसनक्षमतेने उघडली. दुरुस्तीसाठी तर ती अधूनमधून बंद होतच असतात. अशा वेळी मुख्य पानावर सगळ्यात वर एकच वाक्य हवं: बंद आहे, अमुक कारणाने, अमुक तारखेपर्यंत, आणि आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे असे मिळतील. तारीख माहीत नसेल तर पुढची सूचना कधी देणार ते लिहावं. प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर ती बातमी दारावरच्या फळ्यावर लागण्याआधी वेबसाइटवर यायला हवी, म्हणजे मुलुंडहून दादरला निघालेला माणूस दुसऱ्या नाटकासाठी ठाण्याच्या गाडीत बसण्याचा विचार तरी करू शकेल.

सगळं झाल्यावर, किंवा काहीच करण्याआधी, पाच माणसांना बोलवावं. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० मध्येच मांडलं होतं की पाच जणांकडून चाचणी घेतली तरी बहुतेक दोष उघड होतात. मोठा सर्व्हे लागत नाही. पाचांत एक साठीपुढची बाई असावी, एक कॉलेजचा मुलगा, एक हौशी संघाचा व्यवस्थापक, एक परगावचा आणि जमल्यास एक दृष्टिहीन रसिक. त्यांच्याच फोनवर त्यांना काम द्यावं: येत्या शनिवारी संध्याकाळी काय आहे ते शोधा, दोन तिकिटं काढण्यापर्यंत पोचा, चाकाच्या खुर्चीची सोय शोधा. मग गप्प बसावं. हीच सगळ्यात अवघड अट आहे. ‘अहो, तिथे वर डावीकडे बघा ना’ असं म्हणायला जीभ शिवशिवते. अंगठा कुठे थांबतो, अक्षरं मोठी करायला दोन बोटं कधी पसरतात, कोणतं बटण दोनदा दाबावं लागतं, एवढं टिपावं. बटण फार लहान असेल तर शेजारचं दाबलं जातं. सुगम्यतेच्या नव्या निकषांत दाबायच्या जागेचं किमान माप २४ गुणिले २४ पिक्सेल दिलं आहे, नाट्यगृहाने ते सरळ दुप्पट धरावं.

मग उरतं ते कुलूपकिल्लीचं. डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याचं नूतनीकरण कधी आहे, पासवर्ड कुणाकडे आहेत? जुन्या कंत्राटदाराकडे असतील, तर आजच लिहून मागून घ्यावेत. मुदत संपलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं, आणि नामवंत संस्थेच्या पत्त्यावर ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती झळकायला वेळ लागत नाही. नव्या निविदेत डोमेन संस्थेच्याच नावावर राहील, मजकूर युनिकोडमध्ये असेल, फोनवरचा वेग आणि सुगम्यता मोजून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, अशी तीन कलमं असावीत. चौथं कलम संस्थेने स्वतःसाठी घालावं: रोज सकाळी वेबसाइट तपासण्याची जबाबदारी नाव घेऊन एका कर्मचाऱ्यावर असेल, आणि तो रजेवर असताना दुसऱ्यावर. संगणक विभागापेक्षा हे काम तिकीट खिडकीवरच्या माणसाला द्यावं. आज प्रयोग आहे की नाही, हे त्यालाच पहिल्यांदा कळतं.

रसिकांनीही एक करावं. वेबसाइटवर चुकीची वेळ किंवा मेलेली लिंक दिसली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडून थांबू नये. स्क्रीनशॉट काढावा, तारीख घालून दोन ओळींचा अर्ज लिहावा आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला पाठवावा. नाट्यगृह महापालिकेचं असेल तर अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्यायला विसरू नये.